खालच्या खणातली डिस्क

नागापूरच्या एमआयडीसीत पंपांचे भाग ओतणारा एक कारखाना होता. ऑफिसच्या मागच्या अंगाला कॉम्प्युटरची खोली होती. आत जायचं तर चपला बाहेर काढायच्या, असा नियम होता. भट्टीची काळी धूळ पायांबरोबर आत येते आणि मशीनच्या पंख्यात बसते, म्हणून. त्यामुळं आत कोण आहे, हे दारातल्या चपलांवरूनच कळायचं.

महेंद्र त्या खोलीचा माणूस. मूळचा राहात्याचा. त्याची बायको दीपा त्याच कारखान्यात टेलिफोनवर बसायची. सकाळी दोघं बोल्हेगावातून एका स्कूटरवर यायची आणि जेवणाच्या सुट्टीत एका डब्यात जेवायची. डबा तीन पुडांचा होता. त्यातली शेवटची भाकरी कायम उरायची. "तुम्ही घ्या," ती म्हणायची. "तू घे," तो म्हणायचा. भाकरी इकडून तिकडं सरकत राहायची, सुट्टी संपायची, आणि भाकरी होती तशी घरी परत जायची. सगळ्या ऑफिसला ही गंमत माहीत होती.

शहाण्णव साली कारखान्यानं नवा सर्व्हर घेतला. त्याच्यासोबत डिस्कची वेगळी पेटी आली. लोखंडी, राखाडी, लहान ट्रंकेएवढी. तिला एकावर एक दोन खण होते. प्रत्येक खणात एक हार्ड डिस्क, पुढं ओढायला मूठ आणि मुठीशेजारी एक बारीक दिवा. पेटी जोडून द्यायला तौफिक आला होता. तो झेंडीगेटचा. त्याच्या छोट्या फर्ममध्ये मालकही तोच आणि हमालही तोच.

"महेंद्रभाऊ, ह्या दोन्ही डिस्क म्हणजे आरशासारख्या," त्यानं सांगितलं. "वरच्या खणात जे लिहिलं जाईल, तेच त्याच क्षणाला खालच्या खणात. एक मेली तरी दुसरी काम ओढते. कारखाना थांबत नाही."

"आणि मेलेलीचं काय करायचं?" दीपानं विचारलं. ती चहा घेऊन आली होती.

"ती काढायची, भाभी, तिच्या जागी दुसरी बसवायची. जी जिवंत आहे तिच्यावरचं सगळं नवीवर उतरवून घ्यायचं. फक्त एक सांभाळायचं, कुठून कुठं. तिथं चुकलं की भरलेली पुसली जाते आणि कोरीची कोरी राहते."

"म्हणजे बटण दाबणारा शुद्धीवर पाहिजे," दीपा म्हणाली. "मग ह्यांना नका सांगू. हे चहात मीठ टाकतात."

तौफिक हसला. महेंद्रही हसला, कारण ते खरं होतं.

त्याच सुमारास कारखान्याचा जुना भोंगा बिघडला. आबासाहेब म्हणून कामगार अधिकारी होते. त्यांच्या डोक्यात आलं की भोंग्याऐवजी कॉम्प्युटरमधून माणसाचा आवाज सोडावा. बोलायला त्यांनी आधी महेंद्रला सांगितलं. माईक समोर आल्यावर महेंद्रचा घसा कोरडा पडला. दोनदा खाकरून त्यानं माईक दीपाकडं सरकवला, भाकरीसारखाच.

"बोल आता. सुरू झालंय," तो म्हणाला.

आणि दीपा बोलली, "पहिली पाळी सुटण्याची वेळ झाली आहे. मशीन बंद करा. जागा स्वच्छ करा. सावकाश घरी जा."

शेवटचं वाक्य आबासाहेबांच्या कागदात नव्हतं. ते तिनं स्वतःच्या मनानं घातलं. आबासाहेबांनी ऐकलं आणि ते म्हणाले, "राहू द्या." महेंद्रनं सुरुवातीचं आपलं बोलणं तेवढं कापून टाकलं आणि घोषणा सर्व्हरवर ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून आवारातल्या कडुनिंबापलीकडच्या खांबावरच्या कर्ण्यातून दीपाचा आवाज यायला लागला. भट्टीवरची माणसं महेंद्रला गाठून विचारायची, "घरी बी माईकवरनंच सांगत्यात का तुमाला, जागा स्वच्छ करा म्हनून?" महेंद्र मान खाली घालून हसायचा. सुट्टीच्या दिवशी घोषणा बंद ठेवायची सोय त्याच्याकडून करायची राहून गेली होती. कारखान्याची सुट्टी शुक्रवारी. तेव्हा रिकाम्या शेडलाही दीपा सावकाश घरी जायला सांगायची.

पुढच्या वर्षी, उन्हाळा सुरू होताना, पहिली पाळी सुटली आणि दोघं स्कूटरवर निघाली. मनमाड रोडला वळणावर बारीक वाळू पडलेली होती. स्कूटर घसरली. महेंद्र कडेच्या मातीत पडला, दीपा रस्त्याच्या बाजूला. मागून टँकर येत होता.

महेंद्रला कोपराला खरचटलं होतं. बाकी काही नाही.

लोक म्हणाले, दोघांतला एक तरी वाचला. राहात्याहून त्याची आई भिमाबाई आली. दीपाच्या नावानं पुण्यानुमोदन झालं. आई म्हणाली, "चल माज्यासंगं. हितं एकला भितीकडं बघत बसशील." तो म्हणाला, येतो नंतर. त्याला कुठंच जायचं नव्हतं. कारखान्यात दीपाचा आवाज होता आणि तो राहात्याला ऐकू येणार नव्हता.

तो कामावर परत आला तेव्हा खोलीच्या दारात छबूबाई झाडू घेऊन उभी होती. ऑफिसची झाडलोट ती करायची.

"भाऊ, तुमची ती पेटी वराडतीया," ती म्हणाली. "टूं टूं टूं. बाई गेल्या त्याच दिशी, पाळी सुटल्यावर सुरू झालं. मी सायबास्नी सांगितलं, पन कोन आत जाईना."

महेंद्रनं चपला काढल्या आणि आत गेला. पेटीच्या वरच्या खणातला दिवा हिरवा होता. खालचा पिवळा झाला होता. खालची डिस्क जोडीतून बाहेर पडली होती आणि वरची एकटी काम ओढत होती. त्यानं इशाऱ्याचा आवाज बंद केला आणि तौफिकला फोन लावला. तौफिक भंडारदऱ्याच्या बाजूला एका कामावर अडकला होता. तो म्हणाला, "राहू द्या तसंच, भाऊ. एक चालू आहे ना? चालतंय."

एक चालू आहे, चालतंय. महेंद्र घरीही तेच म्हणायचा. डबा भरताना तो आता एकच पूड भरायचा. अपघातात डब्याला मोठा पोचा आला होता, पण मधलं पूड नीट होतं. तेवढंच तो पिशवीत टाकून आणायचा.

पाळी सुटायच्या वेळी तो खोलीतून उठायचा, चपला घालायचा आणि कर्ण्याच्या खांबाखाली जाऊन उभा राहायचा. हातात पिशवी, मान वर. दीपा बोलायची. शेवटचं वाक्य झालं की तो गेटकडं निघायचा. पहिल्या-पहिल्यांदा लोकांना कसंतरी व्हायचं. नंतर ते त्याला वळसा घालून जायला शिकले.

छबूबाई एकदा म्हणाली, "रोज हितं उबं ऱ्हाऊन काय मिळतं तुमाला?"

"काही नाही, छबूबाई. सावकाश जा म्हणते, एवढंच."

"मग जावा की सावकाश. उबं कशापायी ऱ्हाता?"

त्यानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि तो गेटकडं निघाला.

मग त्याला एक गोष्ट दिसली. जेवणाच्या सुट्टीत सगळी मशीनं मोकळी असतात. कोणी काही लिहीत नाही, तेव्हा पेटीही गप्प बसते. एके दिवशी तो भाकरी खात होता आणि पेटी गप्प नव्हती. वरचा दिवा स्थिर होता. खालचा पिवळा दिवा लुकलुकत होता. थांबत, पुन्हा लुकलुकत. कोणीतरी टेबलाशी बसून काम करावं तसा.

त्यानं कान लावला. आत बारीक कुरकुर चालली होती. हात लावला तर खालचा खण कोमट होता.

जोडीतून बाहेर पडलेल्या डिस्कवर काही लिहिलं जात नसतं. हे त्याला माहीत होतं. त्यानं मनाशी म्हटलं, बिघडलेली आहे, बिघडलेलं काहीही करतं. पण त्या दिवसापासून तो जेवताना तोंड पेटीकडं करून बसायला लागला.

काही दिवसांनी कर्ण्याच्या आवाजात फरक पडला. दीपा बोलत होती आणि तिच्या बोलण्याच्या खाली आणखी कोणीतरी बोलत होतं, शेजारच्या घरातून ऐकू यावं तसं अस्पष्ट. शब्द तेच होते. भट्टीवरची माणसं म्हणाली, कर्णा फाटला. आबासाहेबांनी कर्णा बदलून घेतला. खालचं बोलणं तसंच राहिलं. आबासाहेबांनी महेंद्रला बोलावून सांगितलं, "ते डिस्कचं एकदाचं नीट करून घ्या. एकीच्या भरवशावर कारखाना चालवायचा नाही मला."

तौफिक आला तेव्हा त्यानं बरोबर एक सुटी पेटी आणली होती, एकच डिस्क मावेल अशी. खालच्या खणातली डिस्क त्यानं मूठ धरून ओढून काढली, सुट्या पेटीत बसवली आणि पेटी दुसऱ्या एका कॉम्प्युटरला जोडली. पेटीचा पंखा घूं करून फिरायला लागला.

"मेलेली नाही ही," तो थोड्या वेळानं म्हणाला. "ठणठणीत आहे. त्या दिवशी वीज खालीवर झाली असेल, बिचकून बाहेर पडली." मग तो पडद्याकडं वाकला. "भाऊ, हिच्यावर कालपर्यंतचं काम आहे. हे कसं?"

"तूच सांग."

"ही तर दोन महिने बाहेर आहे."

तौफिकनं डिस्कवरची घोषणा उघडली, नीट वाजते का बघायला. टेबलावरच्या छोट्या स्पीकरमधून आधी कूलरची घरघर आली. मग एक बाई म्हणाली, "बोला आता. सुरू झालंय."

कोणीतरी दोनदा खाकरलं. आणि पुरुषाच्या आवाजात घोषणा आली. पहिली पाळी सुटण्याची वेळ झाली आहे. मशीन बंद करा. जागा स्वच्छ करा. सावकाश घरी जा.

तौफिकनं मान वळवली. "तुमचा आवाज आहे."

"मी कधी बोललो नाही."

"भाऊ, तुमचाच आहे."

"आहे. पण मी बोललो नाही. माईक मी तिच्याकडं सरकवला होता. आबासाहेबांना विचार."

तौफिक म्हणाला, तुम्ही आधी एकदा प्रयत्न केला असेल, नंतर विसरला असाल. पुसलेलं डिस्कवर मागं राहतं, तेच वर आलं असेल. महेंद्रनं मान हलवली. असं म्हणायला काही हरकत नव्हती. फक्त "बोला आता" म्हणणारी बाई दीपा होती, आणि त्या दिवशी तिनं ते म्हटलं नव्हतं. ते त्यानं म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तौफिक पुन्हा आला. तीच घोषणा पुन्हा उघडली. या खेपेला ती लांब झाली होती. "सावकाश घरी जा" झाल्यावरही आवाज थांबला नाही. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग दीपा बोलली. तिचा घसा बसलेला होता, रडून रडून बसतो तसा.

"तौफिकभाई, ही वरच्या खणातली डिस्क. हिच्यावर माझा आवाज कसा आला? मी कधी बोलले होते? माईक तर ह्यांच्याकडं होता."

आणि तौफिकचा आवाज म्हणाला, "जुनं काहीतरी असेल, भाभी. ऐकत बसू नका."

तौफिकनं हात पुढं करून आवाज बंद केला.

"हे मी बोललेलो नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"आईशप्पथ, भाऊ. मी असं कधी कुणाला बोललेलो नाही."

"मी काय म्हणतोय? माहीत आहे मला."

तौफिकनं ती घोषणा वेगळ्या मशीनवर उतरवून बघितली. तिथं नुसती घरघर राहिली. परत डिस्कवरून लावायला तो तयार होईना. म्हणाला, "शुक्रवारी येतो. सुट्टी आहे, कोणी नसेल. ही डिस्क खालच्या खणात परत बसवू, वरचीवरचं सगळं हिच्यावर उतरवू. हिच्यावरचं जे काय आहे ते पुसून जाईल. हे आपल्याला झेपायचं नाही. भरा आणि मोकळे व्हा."

"आणि खालचीवरचं वरचीवर उतरवलं तर?"

तौफिक उठून उभा राहिला होता. तो परत बसला.

"मग ह्या दोन महिन्यांत इथं जे झालं ते सगळं जाईल. वरच्या डिस्कवर काहीच उरणार नाही तुमचं." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "भाभी गेल्या, भाऊ. मी खांदा दिलाय त्यांना."

गुरुवारी दुपारी सगळे जेवायला गेल्यावर महेंद्रनं सुटी पेटी चालू केली आणि तीच घोषणा लावली. आता घोषणा नव्हतीच. सुरुवातीलाच दीपा कुणाला तरी म्हणत होती, "छबूबाई, तुम्ही घ्या ही भाकरी. मला जात नाही." मग झाडूचा आवाज. झाडू लांब गेला. मग ती बोलली ते अगदी जवळून, माईकपाशी तोंड नेऊन.

"जेवलात का?"

महेंद्रच्या हातातला घास हातातच राहिला.

"उद्या भरायचं म्हणतात. वरनं खाली का खालनं वर, ते माझ्यावर सोडलंय. तौफिकभाई जुम्म्याच्या नमाजाला जातील तेव्हा करते. मी ठरवलंय. तुम्ही काळजी करू नका."

त्यानंतर नुसता कूलर.

त्यानं ते परत ऐकलं नाही. ऐकायची गरज नव्हती. दीपा काय ठरवणार, हे त्याला माहीत होतं. तिच्यासोबत तो इतकी वर्षं जेवला होता, आणि शेवटची भाकरी ती कायम त्याच्याकडंच सरकवायची.

शुक्रवारी कारखान्यात गेटवरचा माणूस सोडला तर कोणी नव्हतं. शेडचे पत्रे उन्हानं तडतडत होते. तौफिकनं सुट्या पेटीतून डिस्क काढली आणि खालच्या खणात सरकवली. मूठ बसल्याचा खट आवाज झाला. खालचा दिवा पिवळाच होता, पण जोरात लुकलुकायला लागला. पडद्यावर प्रश्न आला, कुठून कुठं?

तौफिकनं घड्याळ बघितलं. "जुम्म्याला जाऊन येतो. आल्यावर दाबतो मी."

"मी दाबतो. तू जा."

"वरनं खाली, भाऊ."

"हो."

"माझ्याकडं बघून सांगा."

महेंद्रनं त्याच्याकडं बघितलं. "वरनं खाली. जा आता, उशीर होईल."

तौफिक दारात जाऊन चपला घालायला लागला. एक चप्पल घालून तो तसाच उभा राहिला. मग दुसरी घातली आणि गेला. त्याच्या मोटरसायकलचा आवाज गेटपर्यंत गेला, मग रस्त्यावर गेला, मग ऐकू येईनासा झाला.

महेंद्रनं पिशवीतून डबा काढला. दोन भाकऱ्या होत्या. त्यानं एक खाल्ली. दुसरी तशीच ठेवून झाकण लावलं. हात धुऊन आला, शर्टाला पुसले आणि खुर्चीवर बसला. झेंडीगेटला पोचायला तौफिकला वेळ लागणार होता. तिकडचा तौफिकही आत्ता रस्त्यातच असेल. म्हणजे तिकडं दीपा आत्ताच एकटी झाली असेल. तिनं अजून हात पुसले नसतील. ती सावकाश जेवायची.

तिच्याआधी त्यानं खालचा खण निवडला. बटण दाबलं.

खालचा दिवा हिरवा झाला.

वरचा पिवळा झाला.

दोन्ही लुकलुकायला लागले. आधी खालचा, मग वरचा. आधी खालचा, मग वरचा. एकानं सांगायचं आणि दुसऱ्यानं लिहून घ्यायचं, असं चाललं होतं. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत होती.

त्याला वाटलं होतं, काहीतरी होईल. काही झालं नाही. उकडत होतं. कडुनिंबावर एक होला घुमत होता.

पट्टी थोडी पुढं गेली तेव्हा त्याला खाज सुटली म्हणून त्यानं कोपर खाजवलं. कोपर गुळगुळीत होतं. खरचटल्याचा वण तिथं नव्हता.

मग होल्याचा आवाज बारीक झाला. कूलर फिरत होता, पण वारा लागत नव्हता.

त्यानं राहात्याचं घर आठवून बघितलं. आई ओट्यावर बसलेली आठवली. दाराचा रंग आठवेना. थोड्या वेळानं दार आठवेना.

त्याला भीती वाटली. पट्टी थांबवायची सोय होती. त्यानं हात पुढं केला.

हात मागं घेतला.

पट्टी भरली. दोन्ही दिवे हिरवे झाले आणि स्थिर झाले.

बाहेर मोटरसायकल थांबली. तौफिक चपला काढून आत आला. डोक्यावर अजून टोपी होती.

"झालं रे," महेंद्र म्हणाला.

तौफिक टेबलापाशी आला. पडदा बघितला, वाकून दोन्ही दिवे बघितले. त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर पडला. महेंद्र त्याच खुर्चीवर बसला होता. तौफिकनं खुर्ची बाजूला सारली. ती हलकी सरकली.

तो खिडकीपाशी गेला आणि बाहेर तोंड करून ओरडला, "झालं, भाभी! भरली पूर्ण. आता दोन्ही सारख्या."

महेंद्र दाराकडं धावला. दारात तौफिकच्या चपला होत्या. शेजारी त्याच्या स्वतःच्या चपला नव्हत्या. जिथं त्या असायच्या तिथं धुळीत डागही नव्हता.

तो खिडकीशी आला.

पहिली पाळी सुटायची वेळ झाली होती. कर्णा खरखरला. दोनदा कोणीतरी खाकरलं, आणि मोकळ्या आवारात त्याचा स्वतःचा आवाज घुमला. मशीन बंद करा. जागा स्वच्छ करा.

कर्ण्याच्या खांबाखाली, तो रोज उभा राहायचा तिथंच, दीपा उभी होती. मान वर करून ऐकत होती. उन्हात तिचे डोळे बारीक झाले होते. खिडकीकडं तिनं बघितलं नाही.

"सावकाश घरी जा," तो म्हणाला.

ती गेटकडं निघाली. तिच्या हातातल्या पिशवीत डब्याचं एकच पूड होतं.